धुदीची कॅसेट

माझा भाऊ बुलहान एकतीस वर्षांनी हर्गेसाला आला आणि मला विमानतळावरच त्याचा राग आला. शिक्का मारणाऱ्या मुलीने त्याचा ब्रिटिश पासपोर्ट परत केला, तेव्हा तो पान उजेडात धरून म्हणाला, "सोमालीलँड. कुठल्या नकाशात सापडतो म्हणे हा देश?"

"काका, तुमच्या पायाखाली आहे," ती मुलगी मान वर न करता म्हणाली. मग तिने उतरण्याचा पत्ता विचारला, आणि आमचे साहेब खिसे चाचपू लागले. इथे घरांना नंबर नसतात. मी कठड्यापलीकडून सांगितलं, सुईणीच्या मशिदीमागे, निळं दार. तिने तसंच लिहून घेतलं.

टॅक्सीतही त्याची टकळी चालूच. स्टिअरिंग उजवीकडे आणि गाडीही रस्त्याच्या उजवीकडून, हे काय चाललंय? चौकात शेळ्या कशाला? मी ऐकून घेतलं. हा माणूस चौऱ्याऐंशी साली जेद्दाला कामाला गेला, तिथून कार्डिफला. युद्धात सरकारनेच या शहरावर बॉम्ब टाकले तेव्हा तो इथे नव्हता. आई आणि मी सरहद्दीपर्यंत पायी गेलो तेव्हा नव्हता, आणि दुसऱ्या वर्षी छावणीत आई गेली तेव्हाही नव्हता. आम्ही परतलो तेव्हा अख्ख्या शहरात धड छप्पर दिसत नव्हतं. जगाने आम्हाला देश मानलं नाही. आम्ही मात्र भिंती उभ्या केल्या, दिव्याचे खांब रोवले, भांडत भांडत निवडणुकाही घेतल्या. अशा गावाला कोणी नाकं मुरडली की माझ्या जिभेला हाड राहत नाही. पण त्या दिवशी मी ती आवरली, कारण तो कशासाठी आला होता ते मला ठाऊक होतं.

महिन्यापूर्वी तो फोनवर म्हणाला होता, "किन्सी, आईचा चेहरा आठवतो गं. आवाज आठवत नाही. कितीही आठवला तरी येत नाही." पंधरवड्याने मला कळलं की गावातल्या जुन्या कॅसेटी जपणाऱ्या रोबलेकडे एक कॅसेट आहे आणि तिच्यावर आईचं नाव आहे. एकटीने ऐकायचा मला धीर झाला नाही. मी त्याला बोलावलं.

आमच्याकडे पूर्वी पत्रं लिहीत नसत. लिहिणार कोण आणि वाचणार कोण? कॅसेटमध्ये बोलायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती द्यायची. युद्धानंतर लोक ढिगारे उपसायला लागले तेव्हा जिथे तिथे कॅसेटी निघाल्या. कुणाची कोण जाणे, पण फेकवेना. ज्याला सापडेल तो नेऊन रोबलेला द्यायचा. स्वतःच्या डोक्यावर ताडपत्री, आणि हातात दुसऱ्याच्या आईची कॅसेट. हे लोक मला का आवडतात ते विचारू नका.

रोबले शुक्रवारी परगावाहून यायचा होता, म्हणून दोन दिवस मी बुलहानला बाजारात फिरवलं. दुसऱ्या दिवशी तो हरवला. शोधत गेले तर सोन्याच्या गल्लीत उन्हात उभा. दागिने विकणारी बाई नमाजाला गेली होती, जाताना तिने पेटीवर नुसती एक ओढणी टाकली होती. ती परत आली आणि तिने विचारलं, काय हवं? हा म्हणाला, राखण करत होतो.

"कुणापासून?" तिने विचारलं.

सगळी गल्ली हसली. तोही हसला, आल्यापासून पहिल्यांदा. त्या संध्याकाळी त्याने उंटिणीचं दूध मागून प्यायलं आणि एकदाही नावं ठेवली नाहीत.

शुक्रवारी नमाजानंतर आम्ही रोबलेकडे गेलो. बुटका, तांबड्या दाढीचा, महाहट्टी म्हातारा. खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत कॅसेटी. त्याने चहा दिला आणि आधी बुलहानला पूर्वजांची नावं म्हणायला लावली, कारण ओळख पटल्याशिवाय तो कुणाचा आवाज कुणाला ऐकवत नाही. बुलहान सातव्या आजोबापाशी अडला. उरलेले मी घडाघडा म्हटले.

"कार्डिफमध्ये आजोबा स्वस्त झालेत वाटतं," रोबले म्हणाला आणि कॅसेट काढली. चिठ्ठीवर आईचं नाव नि पत्ता लिहिला होता: धुदी, निळं दार.

त्याने बटण दाबलं. मी बुलहानचा हात धरला. खरखर झाली, आणि एक तरुण पुरुष बोलू लागला. जेद्दाचा उकाडा, मुकादम, नवं घड्याळ. मोठमोठ्या बाता. आम्ही तिची वाट पाहत अर्धा तास त्या बाता ऐकल्या. रोबलेने बाजू उलटली. पुन्हा तोच.

बुलहानचा चेहरा पांढरा पडला होता. "हा मी आहे," तो म्हणाला.

मग त्याला सगळं आठवलं. आईची कॅसेट जेद्दाला आली होती. त्याने ती ऐकली, आणि तिच्यावरच आपलं उत्तर भरून परत धाडली. सगळेच तसं करायचे. कोऱ्या कॅसेटी मिळत कुठे होत्या? त्याने आपल्याच हाताने तिला पुसलं होतं. मला त्याची कीव आली आणि तितकाच रागही आला, कारण ती माझीही आई होती. तो उठला, जोडे शोधू लागला.

"बस खाली," रोबले म्हणाला. "मी शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय चिठ्ठी लावत नाही. चिठ्ठीवर नाव कुणाचं आहे?"

तो बसला. टेपमधला पोरगा अजून बोलतच होता. बाकी सगळं ठीक, किन्सीला सांग अभ्यास कर, संपलं. खटकन आवाज झाला. त्याचं उत्तर आईच्या बोलण्यापेक्षा आखूड निघालं होतं. आणि तिथून पुढे, वाक्याच्या मध्यातून, ती आली.

"…आणि उत्तर ह्याच कॅसेटवर भर, दुसरी शोधत बसू नकोस. माझं बोलणं पुसलं गेलं तर जाऊ दे. मी काय, पुन्हा बोलेन. मी कुठे जातेय? मी इथेच आहे. तू तेवढा तुझा आवाज पाठव."

मागे शेळी ओरडली. एक बारीक आवाज आईला म्हणाला, "होयो, आता बटण मी दाबू?" तो माझा होता. पुढे नुसती खरखर.

बुलहान दोन्ही हातांत तोंड धरून रडला. मीही रडले, आणि रोबले भिंतीकडे बघत दाढी कुरवाळत राहिला. मग आम्ही ते तेवढंच पुन्हा ऐकलं, किती वेळा ते मोजलं नाही.

निघताना रोबलेने ती कॅसेट बुलहानच्या फोनमध्ये भरून दिली. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, मी एरवी देत नाही, पण तू लांबून आलास, मूळ कॅसेटही घेऊन जा.

बुलहानने ती हातात घेतली, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली.

"असू दे," तो म्हणाला. "ती इथेच आहे म्हणाली ना."

रोबलेने कॅसेट होती तिथे लावली आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आला.