अलकाताईंना भीती वाटली

चिवडा संपला, चहा दोनदा झाला, तरी हनोईचं नाव कोणी काढेना. सात मराठी बायका एका खोलीत बसल्यात आणि पंख्याची घरघर स्वच्छ ऐकू येतेय, म्हणजे प्रकरण गंभीरच म्हणायचं.

येत्या शनिवारी, चौदा मार्चला, या सातजणी आठवडाभरासाठी व्हिएतनामला निघायच्या होत्या. कलकत्त्याहून थेट विमान, अडीच तासांत हनोई, पुढे समुद्रात एक रात्र बोटीवर मुक्काम. पण जानेवारीपासून करोना करोना म्हणून जे सुरू झालं होतं, ते आता पेपरच्या पहिल्या पानावर ठाण मांडून बसलं होतं. कलकत्त्यात अजून एकही रोगी नव्हता. व्हिएतनामात होते ते बरे झाले म्हणत होते, मग आणखी सापडले म्हणायला लागले. एस्प्लनेडच्या एजंटचं म्हणणं, विमान जाणार, हॉटेल उघडं आहे, बोट तयार आहे; फक्त मंगळवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते सांगा.

सांगायचं कोणी, तिथे घोडं अडलं होतं. आठवडाभर प्रत्येकीचा अलकाताई निरगुडकरांना वेगवेगळा फोन करून झाला होता. मी एका पायावर तयार आहे हो, पण ह्यांचा बीपी. मी तयारच आहे, पण मुलगा रोज अमेरिकेतून ओरडतो. आणि प्रत्येक फोनचं शेवटचं वाक्य एकच, तुम्ही म्हणाल तसं.

असं म्हणवून घेण्याची अलकाताईंना तेहतीस वर्षांची सवय होती. एका राष्ट्रीयीकृत बँकेत ऑफिसर म्हणून साताऱ्याहून त्या इथे बदलून आल्या. तीन वर्षांत परत जायचं होतं. मग आई गेली, भावाचं घर भरलं, बढती नाकारली की बदली टळते हे कळलं, आणि त्या राहूनच गेल्या. लग्न झालं नाही. का नाही, हे विचारणाऱ्यांना त्या दर वेळी वेगळं कारण सांगत, म्हणजे विचारणाराच दमायचा. कलकत्त्यात येणारं प्रत्येक बदलीवालं मराठी कुटुंब पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे पोचायचं. कोकम कुठे मिळतं, गॅसचं काय करायचं, मुलांना कुठल्या शाळेत घालायचं. तीन वर्षांनी त्याच कुटुंबाच्या कपबशा अलकाताई रद्दीत गुंडाळून द्यायच्या, निघताना जेवायला घालायच्या आणि पुढच्यांची वाट बघायच्या. बदलीवाल्यांना जीव लावायचा नाही, हा त्यांनी स्वतःपुरता केलेला कायदा होता, आणि तो त्यांनी बरीच वर्षं पाळलाही.

यामिनी वाकणकरने तो मोडला. नवऱ्याच्या केंद्र सरकारच्या नोकरीपायी ती इथे आली तेव्हा चाळिशी ओलांडलेली, लेक पुण्यात होस्टेलवर, घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, म्हणजे माई. थालीपिठाची भाजणी कुठे मिळेल विचारायला आली आणि दिवेलागणीपर्यंत बोलत बसली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला तिचा फोन यायचा, "उतरा खाली," की दोघी लेकवर, तळ्याभोवती फिरायला. बोलायचं यामिनीने, ऐकायचं अलकाताईंनी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर दिवसातून चार वेळा येऊन यामिनीने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. नर्स ठेवते म्हटलं तर चिडली होती. एकसष्टाव्या वर्षी आपली वाट बघणारं माणूस मिळालं, हे अलकाताईंनी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण त्यांना ते माहीत होतं.

व्हिएतनामची टूम यामिनीचीच. फोनवर तिने त्या बोटीचा फोटो दाखवला आणि म्हणाली, आपली खोली एकच सांगायची हं. अलकाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. फेब्रुवारीत यामिनीच्या नवऱ्याची भोपाळला बदली निघाली. म्हणजे ही सहल झाली तर झाली. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोयच राहिली नव्हती.

तर चहा दोनदा झाला. शेवटी अलकाताई उठल्या, वहीचं पान फाडून त्याचे सात तुकडे केले आणि प्रत्येकीच्या हातात एकेक दिला.

"नाव लिहायचं नाही. जायचं किंवा नको, एवढंच लिहा. लाजू नका, भिऊ नका. जास्त काय निघेल तसं करू."

ही युक्ती सगळ्यांना भलतीच आवडली. देवयानी मुंडल्यांनी तर अलकाताईंच्या बँकेत हेच शिकवत असणार, असं म्हणून घेतलं. देवयानी म्हणजे मोठ्या कंपनीच्या मोठ्या साहेबांची बायको. कुठल्याही मुद्द्यावर त्यांचं मत पहिलं यायचं, आणि आज तेवढं आलं नव्हतं. पेन फिरलं, चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडल्या, आणि अलकाताई डबा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

पहिली चिठ्ठी उघडली. 'तुम्ही ठरवाल तसं.'

दुसरी. 'अलकाताई म्हणतील ते.'

तिसरीत, सगळ्या जात असतील तर जायचं, नाहीतर नको. चौथीत देवयानींचं वळणदार अक्षर, माझी काही हरकत नाही. पाचवीत नुसतं, तुमच्यावर सोडलंय. धन्य आहे, अलकाताई मनात म्हणाल्या. नाव न घालता, कोणाला न कळता एक शब्द लिहायचा होता, तोही या बायकांनी त्यांच्याच गळ्यात घातला होता.

सहावी त्यांची स्वतःची. 'जायचं.'

सातवी यामिनीची. तिला एक शब्द लिहायला सांगितला तर ती पत्रच लिहिणार. 'जायचंच. माईंना वन्संकडे बजबजला ठेवीन, आल्यावरही पंधरा दिवस तिथेच राहू दे. वन्सं अजून हो म्हणाल्या नाहीत, पण म्हणतील.'

वन्सं हो म्हणतील हे खरं होतं. पण माई बजबजला, शहराबाहेरच्या त्या घरी, दुसऱ्या दिवशी लेकीशी भांडून रिक्षा बोलवायला लावतात, हे यामिनीनेच लेकवर हसून हसून सांगितलं होतं, एकदा नाही, तीनदा. दर हिवाळ्यात माईंना वाफेच्या मशीनवर ठेवावं लागतं, हेही अलकाताईंना ठाऊक होतं, कारण एकदा ते मशीन आणायला त्याच धावल्या होत्या. आणि यामिनी विमानातून उतरली की सामान कुठे टाकणार? त्या म्हातारीच्या शेजारच्या खोलीत.

बाहेर कोणीतरी विचारत होतं, झालं का हो मोजून? मोजायला होतं काय. अलकाताईंनी बाहेर जाऊन 'जायचं' म्हटलं असतं तर सातहीजणी गेल्या असत्या. त्यांना जायचं होतं. फार जायचं होतं. बोटीवरच्या त्या खोलीत यामिनी रात्रभर बडबडणार आणि आपण हूं हूं करत झोपी जाणार, हे त्यांनी इतक्या वेळा मनात जगून घेतलं होतं की न जाणं म्हणजे हातातलं काहीतरी कोणी काढून घेण्यासारखं होतं. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग सातही चिठ्ठ्या चहाच्या चोथ्यात कालवून कचऱ्यात टाकल्या आणि बाहेर आल्या.

"नको जास्त आहेत," त्या म्हणाल्या.

किती, असं देवयानींनी विचारलं. जास्त आहेत, अलकाताई पुन्हा म्हणाल्या. खोलीभर अरेरे झालं, आणि त्या अरेरेमागून सगळ्यांचा जीव भांड्यात पडल्याचं अगदी स्पष्ट ऐकू आलं. मग काय, एकेकीला शौर्य चढलं. मी तर बॅगसुद्धा भरली होती. मला मेलीला कसली भीती, मी दमा असताना अमरनाथ केलंय. यामिनीने जाताना कपबशा विसळून ठेवल्या.

गाडी इथेच थांबली असती तर बरं. पण रविवारी प्रत्येकीला घरी बसल्या बसल्या हिशेब सुचला, की आपण तर 'नको' लिहिलं नव्हतं. मग लिहिलं कोणी? फोनाफोनी झाली. सर्वांत धाकटी मधुवंती, आयटीतली, तिने बिचारीने सरळ मनाने विचारलं, "ज्यांच्याकडे आजी आहेत, त्यांनी असेल का?" झालं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर देवयानींचा संदेश येऊन पडला, एका घरच्या अडचणीपायी सगळ्यांचा विरस व्हावा याचं वाईट वाटतं. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती.

अलकाताईंनी तो दोनदा वाचला. मग चष्मा पुसून, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं. 'यात कोणाच्याही घरची अडचण नाही. पाच चिठ्ठ्यांत तुम्ही ठरवा असं होतं, म्हणून मी ठरवलं. मला भीती वाटली.'

पाचजणींना आपापली चिठ्ठी आठवत होती. देवयानींनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दोलपौर्णिमा, म्हणजे इथली धुळवड, मध्ये गेली. मंगळवारी सकाळी सहाला फोन आला, उतरा खाली. लेकच्या फुटपाथवर आदल्या दिवशीचा गुलाल अजून होता. यामिनी अर्धी फेरी गप्प चालली. ती इतका वेळ गप्प राहू शकते, हे अलकाताईंना नवीन होतं.

"त्या नाही येत तर खड्ड्यात जाऊ दे," ती शेवटी म्हणाली. "आपण दोघी जाऊ. मी एजंटला विचारलंय. बारापर्यंत वेळ आहे."

अलकाताई चालत राहिल्या. थांबल्या असत्या तर हो म्हणाल्या असत्या.

"आणि माईंचं कारण सांगू नका," यामिनी म्हणाली. "अठरा वर्षं तेच ऐकतेय. माईंना हे चालत नाही, माईंना ते सोसत नाही. एक आठवडा मागितला हो मी. एकच."

आता काय सांगायचं होतं? माईंचं नाव घेतलं असतं, तर यामिनीने ऐकलं असतं. ती वाईट नव्हती. पण घरी जाऊन तिने तो आठवडा म्हातारीच्या नावावर मांडला असता, आणि भोपाळच्या घरात, एकाच छपराखाली, तो रोज वाढला असता. अलकाताईंनी मनाशी म्हटलं, माझं काय, मी तर इथेच राहणार. माझ्यावर रागावली तर तो राग कलकत्त्यातच सोडून जाईल.

"मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या.

"माझ्याबरोबरसुद्धा?"

"हो."

यामिनी थांबली. तिने अलकाताईंकडे नीट बघितलं, ओळखीचं माणूस गर्दीत चुकून दुसरंच निघाल्यावर बघतात तसं. मग म्हणाली, बरं. उरलेली फेरी दोघींनी पुरी केली. बारा वाजले तेव्हा अलकाताई एजंटला फोनवर 'नाही' सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी सहाला फोन आला नाही. अलकाताई बूट घालून साडेसहापर्यंत बसल्या होत्या.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. दोन आठवडे होतात न होतात तोच विमानं बंद, रेल्वे बंद, दारं बंद. आठवडाभर ग्रुपवर अलकाताईंची आरती झाली, ताईंनी वाचवलं म्हणून. मग, तरी आम्ही म्हणतच होतो, असं सुरू झालं. मग भांडी कोण घासतं आणि केक कसा फुगतो यावर गाडी गेली. यामिनी अधूनमधून फोन करायची. भाजी मिळते का, औषधं आहेत ना, काळजी घ्या. सगळं विचारायची, आणि दोन मिनिटांत ठेवायची. ती बरोबर वागत होती. देवयानी जशा सगळ्यांशी बरोबर वागतात तशी.

मेअखेर विमानं सुरू झाली आणि जूनमध्ये वाकणकरांचं निघायचं ठरलं. कपबशा गुंडाळायला जाता येणार नव्हतं, जेवायला बोलावता येणार नव्हतं. विमानतळावर जाताना खाली दोन मिनिटं थांबते, एवढं यामिनीने कळवलं.

अलकाताई मास्क लावून फाटकाशी उभ्या राहिल्या. गाडी आली. यामिनी उतरली, बरीच बारीक झाली होती. जवळ यायचं नाही हे दोघींना ठाऊक होतं. तिने तिथूनच, गाडीच्या दारापाशी, वाकून रस्त्याला हात लावला आणि नमस्कार केला. अलकाताईंनी आशीर्वाद दिला, पण मास्कमधून तो पोचला की नाही कोण जाणे.

पुढच्या सीटवर माई बसल्या होत्या, ठणठणीत. मास्क हनुवटीखाली. त्यांनी काच खाली घेतली. ऐकू कमी येत असल्यामुळे त्या नेहमीच गल्लीला ऐकू जाईल असं बोलत.

"काय गं अलका, तू एवढी भित्री असशील असं वाटलं नव्हतं. माझ्या सुनेची बोट राहिली ना तुझ्यामुळे. मला विचारायचंस. म्हटलं असतं, घेऊन जा तिला, मला काय धाड भरलीय."

मागे बसलेला यामिनीचा नवरा घड्याळ बघायला लागला. यामिनी बॅगेची चेन लावत होती; लागलेलीच होती ती, तरी लावत होती.

अलकाताई फाटक धरून दोन पावलं पुढे झाल्या, माईंना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाल्या, "चुकलंच माझं, माई."

"बरं बरं," माई म्हणाल्या. "आता परत भिऊ नकोस."

काच वर गेली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत अलकाताई उभ्या होत्या. मग त्यांनी फाटकाला कडी घातली आणि हात धुवायला वर गेल्या.