भोंगा कोणी बंद केला

"मिठाई कशाबद्दल? जहाज बुडाल्याबद्दल?" मेहरुनने विचारलं.

"बुडालं नाही वहिनी, खडकावर चढलं," सर्जेराव मोरे म्हणाले. मेहरुनचा नवरा मैनुद्दीन ज्या जहाज कंपनीत कामाला होता, तिचे ते अधिकारी. मिठाईचा पुडा घेऊन मुंबईहून मुद्दाम पुण्यात विश्रांतवाडीला आले होते. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "मैनुद्दीनभाई, चौकशीआधी आपली सही हवी. कंपनी वाऱ्यावर सोडणार नाही. गोदीत किनाऱ्यावरचं काम देऊ."

मैनुद्दीन एकवीस वर्षं सुकाणी होता. वरून हुकूम येईल तसं चाक फिरवायचं, एवढंच त्याचं काम. महिन्यापूर्वी तो चाकावर असतानाच जहाज खडकावर आदळलं आणि भैरू नावाचा खलाशी तळात पडून मेला. कागदात लिहिलं होतं : मला कमी ऐकू येतं, मी हुकूम चुकीचा ऐकला.

"उद्या सांगतो," मैनुद्दीन म्हणाला.

पाहुणे गेले. मेहरुनला कागदाचा संशय आला होता, आणि आता नवऱ्याचाही आला. खोटं असतं तर हा माणूस तिथल्या तिथे उसळला असता. ती स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीआडून पुटपुटली, "साखर संपलीय."

"मग चहा बिनसाखरेचा कर," बाहेरून उत्तर आलं.

ती हात पुसत बाहेर आली. "कान तर शाबूत आहेत. मग लपवताय काय? प्यायला होतात?"

"नाही."

"डोळा लागला होता?"

"नाही गं."

"मग कंपनी एवढी गोड का झालीय? आणि तुम्ही एवढे गप्प का?"

तेव्हा त्याने सांगितलं. समुद्राची खोली मोजायचं एक यंत्र होतं. पाणी उथळ झालं की त्याचा भोंगा वाजायचा. पण दोन महिने तो भर समुद्रातही उगाच बोंबलत होता. मैनुद्दीनने दोनदा सांगितलं, तरी दुरुस्तीसाठी बंदरात थांबायची कुणाची तयारी नव्हती. शेवटी कप्तान वैतागून म्हणाले, बंद करून टाक.

"आणि बंद कुणी केला?"

"मी. किनारा जवळ आला तेव्हा आठवलं होतं मला, मेहरुन. विचारावंसं वाटलं, चालू करू का म्हणून. पण कप्तान आधी एकदा खेकसले होते. नाही विचारलं."

मेहरुन त्याच्यासमोर खाली बसली. "म्हणजे कंपनीला यंत्र लपवायचंय आणि तुम्हाला हे. भैरूच्या आईने विचारलं तर कान दाखवणार?"

त्याने कागद घडी घालून तिच्या हातात दिला. सही केली नाही.

चौकशीत त्याने सगळं सांगितलं, स्वतःचं गप्प राहणंही. चौकशी अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "स्वतःवर कशाला ओढून घेताय? कुणी पढवलंय?"

"साहेब, माझं तेवढं गाळून सांगितलं, तर बाकीचं तुम्ही खरं का मानावं?"

कप्तानांचा परवाना गेला. कंपनीला प्रत्येक जहाजावरचे भोंगे तपासून घ्यावे लागले. मैनुद्दीनला मात्र पुन्हा कुठल्याच जहाजाने घेतलं नाही.

हल्ली तो मार्केट यार्डात असतो. कांद्याचे ट्रक मागे येत गाळ्याला लागताना बाजूला उभा राहून ड्रायव्हरला सांगायचं काम. गाळ्याच्या ओट्यापासून ट्रक अजून दोन हात लांब असतो, तेव्हाच तो पत्र्यावर थाप मारून ओरडतो, "बस! बस!"

"चाचा, जागा आहे की अजून," ड्रायव्हर कुरकुरतात.

"असू दे," मैनुद्दीन म्हणतो.