वासराने नाकारलेला सुगंध

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. गाईच्या सडांना लावायचे पिवळे मलम माझ्या पोटात असे. आल्प्सच्या पायथ्याशी कॅस्परच्या औषधी दुकानातून आफ्रा नावाच्या गवळणीने मला घरी नेले. आधी गाईचे सड, मग स्वतःचे भेगाळलेले हात, असा तिचा रिवाज होता. ऐन थंडीतही तिचे हात मऊ राहत, आणि मला त्याचा भारी अभिमान वाटे.

मी संपत आलो तशी ती नवे मलम आणायला गेली. पण कंपनीने कृतीच बदलली होती. मेंढीच्या लोकरीतून मिळणारी चरबी त्यातून वगळली, लव्हेंडरचा सुगंध घातला आणि सगळे गुलाबी नळीत भरले. गाईला नाचायला नेतेस की काय, असे कॅस्परने चिडवलेही.

घरी मात्र हसू मावळले. आफ्राचे हात पुन्हा चिरले, ते तिने सोसले. पण ब्लेस गाईचे वासरू सडाला तोंड लावेना. मलम धुऊन टाकावे, तर कोरड्या, चिरलेल्या सडाला स्पर्श होताच ब्लेस लाथ झाडी. वासराच्या बरगड्या दिसू लागल्या. शेवटी आफ्राने माझ्या तळाशी बोट फिरवून उरलेले मलम सडांना लावले, आणि वासरू घटाघट प्यायले. आता माझ्यात जेमतेम बोटभर मलम उरले होते.

उन्हाळा संपून गुरे डोंगरावरच्या कुरणांतून उतरतात त्या दिवशी गावात जत्रा भरते. कंपनीचा साहेब तिथे नळ्या वाटत होता. आफ्रा गाय-वासरू घेऊन थेट त्याच्या मांडवात शिरली.

"सुगंध सगळ्यांना आवडतो, बाई," साहेब म्हणाला.

"पिणाऱ्याला विचारलंत का?"

तिने गाईच्या एका बाजूच्या सडांना नळीतले मलम लावले, दुसऱ्या बाजूच्या सडांना मला खरवडून निघाले तेवढे. माझा जीव टांगणीला लागला. वासराने नळीची बाजू हुंगली, ते फटकन शिंकले, गाईला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि लुचू लागले ते हटेचना. जत्रेत हशा पिकला. शेवटी साहेबही हसला.

वसंतात जुनी कृती पत्र्याच्या डब्यातून परत आली, आणि कॅस्परच्या दारात गवळणींची रांग लागली. मी रिकामा आहे, पण जिंकून रिकामा झालो आहे. मित्रांनो, चांगली चाललेली वस्तू सुधारायला निघालात, तर ती रोज वापरणाऱ्याला आधी विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर जरा थांबा आणि तो कुठे वळतो ते पाहा.