पडद्यावरचा सा

तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना आम्ही जोड म्हणतो. दोन्हींचा स्वर एकच, षड्ज. त्या नेमक्या जुळल्या की एकच तार बोलते आहे असं वाटतं. केसभर फरक राहिला तर आवाज डुलायला लागतो, फुगतो, बसतो, पुन्हा फुगतो. ते डुलणं कानानं पकडायचं आणि तारेतला मणी सरकवून थांबवायचं. लग्नाआधीपासून मी हे करत आले, भाजीला फोडणी घालावी इतक्या सहज. आणि गेल्या गणपतीपासून मला ते डुलणंच ऐकू येईना.

बोललेलं ऐकू यायचं. दाराची कडी, दूधवाल्याची हाक, सगळं यायचं. बारीक होतं तेवढं गेलं. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, गेलेलं परत येत नाही. मी घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. साताऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा गाण्याचा क्लास, आणि मला लोक ओळखतात ते त्या क्लासवरून. दिवाळीनंतर गुडघ्यांचं निमित्त सांगून तो बंद करायचा असं मी मनाशी ठरवून टाकलं. जिला स्वतःचा तंबोरा लावता येत नाही तिनं पोरींच्या गळ्यांशी खेळू नये, एवढी लाज मला आहे.

अशात घरात कॉम्प्युटरचं खूळ शिरलं. ते खूळ आमच्या ह्यांचं. ह्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, म्हणून पाठीमागं मीही अण्णाच म्हणते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर अण्णांनी पत्रिका मांडायचा छंद घेतला, फुकटचा. मग त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं कुंडलीचा प्रोग्रॅम लिहून फ्लॉपीवर घालून दिला आणि अण्णा पार बिघडले. मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या शेजारी बसून डॉस, म्हणजे यंत्राला टाइप करून हुकूम द्यायची रीत, शिकून आले. आंघोळ करताना स्तोत्र म्हणायचं सोडून कमांडी म्हणायला लागले. मी बाहेरून ओरडायची, “अहो, पाणी निवतंय!” तर आतून उत्तर, “सीडी, स्पेस, कुंडली!”

आमचा पुष्कर सांगलीला कॉम्प्युटरच्या दुकानात यंत्रं जोडायचं काम करतो. साल शहाण्णव. शुक्रवारी संध्याकाळी तो एसटीनं आला तो मोठी खोकी घेऊनच. कंडक्टरशी भांडून त्यातलं एक मांडीवर घेऊन बसला होता म्हणे. क्लासच्या खोलीतच टेबल मांडलं, कारण दुसरीकडं जागा नव्हती. माझा तंबोरा कोपऱ्यात सरकवला गेला. मी धुसफुसले, पण बोलले नाही. आता तसाही तो कोपऱ्यातच जायचा होता.

“अण्णा, यंत्र तुमचंच,” पुष्कर म्हणाला, “पण त्याच्याशी बोलायची रीत कुठली ते तुम्ही ठरवा. ही एक डिस्क जुन्या रीतीची, तुमची डॉसची. ही दुसरी दुकानातली, दाखवायला आणलीय, विंडोज पंच्याण्णव. पैसे एकीचेच भरलेत. एक ठेवा, दुसरी मी रविवारी परत नेणार.”

“ठरलेलंच आहे. जुनी,” अण्णा म्हणाले.

“आधी बघा तरी. सांगलीत आता सगळे हीच मागतात.”

“माझी कुंडली चालते का हिच्यात?”

इथं पुष्कर जरा चाचरला. अण्णांच्या मित्राचा तो प्रोग्रॅम नव्या रीतीत नीट उतरत नव्हता. दुकानात त्यानं सगळे उपाय करून पाहिले होते, पण घरांच्या रेषा तुटायच्या आणि मंगळ भलत्याच जागी जाऊन बसायचा.

“मग झालं तर,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी काळ्या पडद्यावर एकेका बोटानं आपली पहिली कमांड टाइप केली. अक्षरं उमटली, खाली माझ्याच जन्माची कुंडली रेषारेषांनी उभी राहिली. अण्णांनी खरोखर हात जोडले. मी थट्टा करायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं. इतकं नवल त्यांच्या चेहऱ्यावर मी पुष्कर झाला तेव्हाच पाहिलं होतं.

शनिवारी दुपारी पुष्करनं हट्टानं डिस्क बदलली. मी तिथंच गवार मोडत बसले होते. पडद्यावर निळं आभाळ आलं, ढग आले, मग छोटी छोटी चित्रं. बाण हलवायचा आणि चित्रावर टिचकी मारायची, की ते उघडणार. अण्णा हाताची घडी घालून बसलेले.

“चित्रं बघायला आपल्याकडं कॅलेंडर आहे,” ते म्हणाले.

पुष्करनं एक बारका माइक काढून यंत्राला जोडला. पडद्यावर हाताएवढी चौकट उघडली. तिच्यात काळ्या पट्टीवर एक आडवी हिरवी रेघ.

“आई, काहीतरी बोल इथं.”

“काय बोलू, तुझं डोंबल?”

रेघ टुणकन उडाली. मी दचकले. गप्प बसले तर ती सरळ झाली. खोकले, पुन्हा उडाली. माझं मला हसू आलं, तर हसण्यावरही ती थरथरली. मग गवारीची परात बाजूला ठेवून, का कोण जाणे, मी सा लावला.

काय सांगू! बोलताना ती वेडीवाकडी नाचत होती, आणि सा लागल्याबरोबर तिच्या सारख्या लाटा झाल्या. एका मापाच्या, एकीशेजारी एक. श्वास संपेपर्यंत त्या तिथं होत्या. एवढी वर्षं मी ज्याच्यामागं धावले, पोरींना ज्याच्यासाठी रागावले, तो माझा सा माझ्यासमोर दिसत होता. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही.

मी उठले. गुडघ्यांचं निमित्त विसरून तरातरा कोपऱ्यात गेले आणि तंबोरा आणून माइकपाशी मांडीवर घेतला.

“आता हे दाखव,” मी म्हणाले.

जोडीची एक तार छेडली, दुसरी छेडली. मग दोन्ही पाठोपाठ. माझ्या कानांना काहीच वावगं वाटलं नाही, नेहमीसारखाच गोड आवाज. पण रेघ? रेघ जाड होत होती, बारीक होत होती, पुन्हा जाड, पुन्हा बारीक. मी बघत राहिले आणि एकदम ओळख पटली. हे तेच होतं. हे ते डुलणं. मला सोडून गेलेलं ते डुलणं या डब्याला ऐकू येत होतं, आणि तो मला बोट दाखवून सांगत होता, हे बघ, इथं आहे.

मी मणी जरासा सरकवला. पुन्हा छेडलं. रेघेचं डुलणं वाढलं. म्हणजे उलटीकडं. मणी वर घेतला. डुलणं संथ झालं. चौकट मिनिटाभरानं थांबायची आणि पुष्कर पुन्हा तांबड्या ठिपक्यावर टिचकी मारायचा. आणखी केसभर. आणखी. आणि मग रेघ फुगायची थांबली. दोन तारांची एकच लाट झाली आणि तशीच बारीक होत होत विझली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पुसायचंही भान नव्हतं.

“अगं, पण तू ती रेघ बघून का लावतेस?” अण्णांनी विचारलं. “डोळे मिटून लावतेस ना तू?”

आता लपवून काय करणार होते? “मला ऐकू येत नाही,” मी म्हणाले. “बारीक ऐकू येत नाही. गेल्या गणपतीपासून.”

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग उठून ओसरीवर जाऊन बसले. रात्री जेवतानाही त्या डिस्कचा विषय निघाला नाही. पुष्करनं एकदा तोंड उघडलं, तर अण्णा म्हणाले, “उद्या बघू.” नवी डिस्क मी मागितली नाही. ज्या वस्तूपुढं माणसानं हात जोडलेले मी पाहिले, ती त्याच्याकडून कशी सोडवायची? आणि खरं सांगायचं तर मागायचा माझा स्वभाव नाही, रागवायचा आहे.

रविवारी सकाळी क्लास असतो. मुली यायच्या आधी मी पुष्करला उठवून यंत्र सुरू करायला लावलं आणि रेघेवर जोड लावून घेतली. आज एक दिवस तरी, असं मनात होतं. कडेच्या दोन तारांचे पंचम आणि खर्ज आपले सवयीनं लावले, कारण ते रेघेवर कसे ओळखायचे हे मला अजून कळलं नव्हतं. मग पडदा बंद करायला सांगितला.

दोघीच आल्या. वल्लरी आमच्याच पेठेतली, मान खाली घालून गाणारी, गळा सोन्याचा. आणि रेश्मा रहिमतपूरची, वडील फौजेत, घरचा ऊस, सकाळच्या एसटीनं येते आणि आवाज असा की शेजारच्या आळीत जावा. दोघी पाया पडून बसल्या. मी तंबोरा छेडायला सुरुवात केली.

वल्लरीनं सा लावायला श्वास घेतला आणि लावलाच नाही. तंबोऱ्याकडं बघत राहिली. रेश्माचे डोळे मोठे झाले.

“आवं बाई!” ती ओरडलीच. “आज तंबोरा लागलाय की! लय भारी लागलाय!”

वल्लरीनं तिला जोरात चिमटा काढला. तो मी पाहिला. माझा हात तारांवरच थांबला.

“आज म्हणजे?” मी विचारलं.

रेश्मा जीभ चावून सतरंजीकडं बघायला लागली.

“वल्लरी, मी विचारतेय. आज म्हणजे काय? इतके दिवस लागत नव्हता?”

वल्लरीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. “नव्हता, बाई.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?” माझा आवाज चढला. “बेसूर तंबोऱ्यावर गात बसलात दोघी? हेच शिकवलं मी?”

“बाई, तुम्ही लावलेल्या तंबोऱ्याला नाही कसं म्हणायचं?” वल्लरी कशीबशी म्हणाली. “गुरूनं लावून दिला की हात लावायचा नाही, असं तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलंत.”

“मंग तुमी करत हुता तरी काय?” मी रागात रेश्माचीच बोली बोलले.

“आमी आमचा सा सरकवत हुतो, बाई,” रेश्मा म्हणाली. “तार जिकडं जाईल तिकडं आमी. तुमी एकट्या पडू नये म्हून.”

रागाचं काय झालं ते मला कळलंच नाही. सोन्यासारखे गळे, आणि ते रोज इथं येऊन माझ्या बहिऱ्या कानांकडं आपला सूर वाकवून जात होते. वर पाया पडत होते. मला वाटायचं मी लपवलंय. पोरींनी माझ्यापेक्षा जास्त लपवलं होतं. मी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर डोकं टेकलं आणि पोरींसमोर रडले.

आतल्या दारात अण्णा उभे होते. कधीपासून ते मला माहीत नाही.

“पुष्कर,” ते म्हणाले, “ती डॉसची डिस्क घेऊन जा आज.”

“आणि अण्णा, तुमच्या कुंडल्या?”

“हातानं मांडीन. हात आहेत मला.” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “आणि तो माइक इथंच राहू दे. यंत्र हलवू नका. हा क्लास बंद होता कामा नये.”

मी दिवाळीचं कुणालाच सांगितलं नव्हतं. संसारात राहून माणूस किती ऐकतं आणि बोलत नाही, याचं त्या क्षणी मला जेवढं नवल वाटलं तेवढं त्या हिरव्या रेघेचंही वाटलं नव्हतं.

मी पदरानं तोंड पुसलं आणि सरळ बसले.

“नीट ऐका गं,” मी म्हणाले. “बाईंना बारीक ऐकू येत नाही. जेवढं डोळ्यांना दिसेल तेवढं मी बघून लावीन. पण सगळं मला दिसत नाही. आजपासून माझं चुकलं की सांगायचं. तंबोऱ्याचं, माझ्या गळ्याचं, कशाचंही. सांगितलं नाही तर क्लासला यायचं नाही.”

“व्हय, बाई,” रेश्मा म्हणाली.

मी तंबोरा छेडू लागले. पंचम, जोड, खर्ज. पुन्हा पंचम, जोड, खर्ज. रेश्मानं सा लावला, मोकळा, कुठंही न वाकवलेला. वल्लरी मान खाली घालून बसली होती. तिचे ओठ हलायचे आणि थांबायचे. शेवटी तिनं मान वर केली.

“बाई,” ती म्हणाली, “पंचम जरा उतरलाय.”

माझा हात खुंटीवर गेला. “किती?”

“अगदी थोडा. चढवा... अजून... हां, बाई. आता लागला.”