हातगुणाची तीन मिनिटं

वॉर्डच्या काचेबाहेर आम्ही चौदा-पंधरा जण जीव मुठीत धरून उभे होतो. वीज नुकतीच जाऊन आली होती. आत सहा काचपेट्यांत अपुऱ्या दिवसांची बाळं. त्यांचा श्वास अडखळला की गजर करणारा सर्व्हर कोपऱ्यातल्या कपाटात. त्या कपाटावर तळहात ठेवून, डोळे मिटून मशीनवाले उभे. सगळे त्यांना हातगुणे म्हणत.

"बोलू नका! यंत्रालाही प्राण असतो. माझ्या हातातून आत उतरतोय तो."

मग त्यांनी गजर नव्याने सुरू करायचं बटण दाबलं. गजर वाजवून दाखवला. एका आजोबांनी तर त्यांचे पायच धरले. माझी मुलगी चौथ्या पेटीत होती, एक किलो शंभर ग्रॅम. मीही हात जोडले. शहाणपण कुठे उरतं अशा वेळी? घड्याळ तेवढं पाहिलं होतं: हात ठेवल्यापासून बटण दाबेपर्यंत तीन मिनिटं दहा सेकंद.

मंगळवारी दुपारी पुन्हा वीज गेली तेव्हा हातगुणे बाहेर गेले होते. वीज आली, पडद्यावर 'गजर चालू' अशी हिरवी अक्षरंही उमटली. पण गजर मुका. सिस्टर म्हणाल्या, "त्यांच्या हाताशिवाय नको बाई, बिघडायचं काहीतरी." चाळीस मिनिटं वाट पाहिली. मी पोरीच्या छातीवर डोळे लावून श्वास मोजत होते. खिडकीजवळच्या पेटीतलं बाळ गजर न होताच गेलं. हातगुणे आले आणि त्याच्या आईला म्हणाले, "श्रद्धा कमी पडली तुमची."

दुसऱ्या दिवशी मी नणंदेला बोलावलं. ती असेच सर्व्हर सांभाळते. डॉक्टरांनी प्रत्येक बाळापाशी एक माणूस उभा केला आणि तिने सर्व्हरची वीज अचानक तोडून पुन्हा जोडली.

"ठेवा हात. दाबा बटण."

"लगेच? प्राण उतरायला वेळ लागतो, ताई."

"आज घाईत उतरवा."

त्यांनी दाबलं. सिस्टरांनी माझ्या मुलीच्या पायाची, श्वासावर नजर ठेवणारी वायर काढली; ती निघाली की गजर व्हायला हवा. गजर गप्प. मग सगळ्यांनी चार मिनिटं नुसतं थांबायचं ठरलं. कपाटाला कोणी शिवलं नाही. बटण सिस्टरांनी दाबलं, आणि गजर ठणाणा वाजला.

"वहिनी, यात प्रोग्राम दोन आहेत," नणंद म्हणाली. "एक बाळांच्या नोंदी ठेवतो, दुसरा गजर देतो. वीज अचानक गेली की नोंदीवाला आधी आपल्या नोंदी तपासत बसतो, तीनेक मिनिटं. गजरवाला सुरू होताच त्याला एकदाच विचारतो आणि उत्तर नाही मिळालं की गप्प बसतो. पडदा मात्र 'चालू' म्हणतो. आधी नोंदी, मग गजर, हा क्रम लिहिलेला आहेच. पण झोपेतून उठलेला माणूस लगेच कामाला लागतो का? नोंदीवाला 'तयार' म्हणेपर्यंत थांब, नाहीतर पुन्हा विचार, एवढं लिहायचं राहिलंय. दोन-तीन ओळी."

डॉक्टरांनी हातगुण्यांकडे पाहिलं. "ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं," ते खाली मान घालून म्हणाले. "पण त्या ओळी लिहिल्यावर मला कोणी विचारलं असतं?"

ओळी त्याच दुपारी लिहिल्या गेल्या. ते बाळ परत आलं नाही.

तुमचं मूल यंत्राच्या भरवशावर असेल, तर कोणाच्या हाताला गुण आहे ते विचारू नका. हिरव्या अक्षरांवरही विसंबू नका. सिस्टरांना वायर काढून दाखवायला सांगा. गजर वाजला नाही, तर हात जोडू नका. भांडा.