पट्टीखालचे तांबे

मी एक जुनी वायर आहे. जयपूरच्या रेल्वे वसाहतीतल्या एका क्वार्टरमध्ये लोखंडी कूलरच्या पाठीमागे माझे आयुष्य गेले. तुमच्यापैकी कोणी माझ्याकडे मुद्दाम पाहिले नसेल. वायरीकडे कोण पाहते? वारा पंख्याचा, गारवा पाण्याचा आणि सुगंध खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, गवताचा. माझ्या वाट्याला कूलरमागची अंधारी, ओली जागा आली.

मित्रांनो, आधी मी आतून कशी आहे ते सांगते, म्हणजे पुढचे समजेल. माझ्या काळ्या सालीच्या आत तीन तारा आहेत. लाल तार वीज घेऊन येते, काळी ती परत नेते. तिसरी हिरवी. ती एरवी काहीच करत नाही. कूलरच्या लोखंडात कधी चुकून वीज उतरलीच, तर तिला जमिनीत नेऊन सोडायचे एवढेच तिचे काम. तिन्ही तारा तांब्याच्या आहेत आणि प्रत्येकीवर स्वतःच्या रंगाचे आवरण आहे. तांबे म्हणजे विजेचा रस्ता आणि आवरण म्हणजे त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची भिंत. रस्ता कितीही चांगला असला तरी भिंत पडली की वीज भलतीकडे जाते. ती कोणाचा हात आहे हे पाहत नाही.

जयपूरच्या सोडाला भागातल्या एका दुकानात मी वेटोळे होऊन पडले होते. २००३ च्या एप्रिलमध्ये राजरत्न नावाचे रेल्वेतले एक कारकून आले. नागपूरहून त्यांची नुकतीच बदली झाली होती. दुकानदाराने काउंटरवर ठोकलेल्या पितळी पट्टीवर मला सहा मीटर मोजले आणि कापले.

घरात चार माणसे होती. राजरत्न, त्यांची पत्नी नीलिमा, अकरा वर्षांची मुलगी गौतमी आणि राजरत्न यांची आई मीराबाई. कूलर चाकांच्या लोखंडी गाड्यावर होता आणि पुढच्या खोलीच्या खिडकीशी उभा असे. त्याच्या शेजारीच एका फळीवर बुद्धमूर्ती होती. मीराबाई रोज सकाळी तिथे पांढरे पातळ नेसून बसत आणि गौतमीला शेजारी बसवून पंचशील म्हणून घेत.

पहिल्या उन्हाळ्यात मला फार मान होता. बाहेर लू, म्हणजे अंग भाजणारा उन्हाळी वारा, वाहत असे. आत खसावर पाणी पडले की मीराबाई डोळे मिटून म्हणत, "नागपूरच्या उन्हात जल्म गेला, पण असा गारवा नाही पाहिला."

दुसऱ्या वर्षी भिंतीतल्या सॉकेटचे वरचे, हिरव्या तारेचे भोक मोडले. माझी तीन पायांची पिन त्यात बसेना. राजरत्न यांनी पिन काढली, हिरवी तार कापली आणि दोन पायांची पिन बसवली. "सध्या चालू दे," ते म्हणाले, "रविवारी पाहू." त्यानंतर पुष्कळ रविवार आले.

२००५ चा मे महिना. गौतमी तेरा वर्षांची झाली होती. दुपारी कॅरम खेळताना स्ट्रायकर उडून कूलरच्या मागे गेला. पाणी भरलेला कूलर हलवायचा नाही अशी वडिलांची सक्त ताकीद होती. तिने हलवला. गाड्याचे चाक माझ्या अंगावरून गेले.

आतल्या खोलीतून मीराबाईंनी विचारले, "काय शोधून राहिली वं?"

"काही नाही आजी."

काळी साल फाटली होती आणि लाल आवरण चिरले होते. आतले तांबे चमकत होते. गौतमीला ते दिसले. तिने पिन काढली, एवढे शहाणपण तिला होते. मग आजीच्या पायाच्या जखमेसाठी आणलेली दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी घेतली आणि माझ्यावर तीन वेढे दिले. तिने ते अगदी नीट दिले. आजीचा पाय पट्टीखाली बरा होत होता. मग मी का होणार नाही, असे तिला वाटले असावे. मग पट्टी कोणाला दिसू नये म्हणून तिने मला कूलरखाली, गाड्याच्या लोखंडी दांड्यावर सारून दिले.

मित्रांनो, ती पट्टी कापडाची होती. कापड पाणी पिते. कूलरमधून थेंब गळत होते आणि पट्टी भिजत होती. लाल तारेतली वीज त्या ओल्या कापडातून दांड्यात आणि दांड्यातून कूलरभर पसरू लागली. तिला जमिनीत नेणारी हिरवी तार जागेवर नव्हती.

दोन दिवसांनी नीलिमा कूलरला हात लावून चटकन मागे सरकल्या. "झिणझिण्या येतात याला."

दारात उभी असलेली शेजारीण हसली. "हमारा वाला भी मारता है, भाभीजी. जयपुर के पानी में ही करंट है."

कूलरला हात लावायचा तर पायात चप्पल हवी, असा त्या दिवसापासून घरात नियम झाला. "चप्पल घातली का?" हे वाक्य "जेवलीस का?" इतके रोजचे झाले.  एकदा गौतमी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "आई, मतलब, तो कूलर..." नीलिमा पोळी उलटत होत्या. "चप्पल घाल आणि मग लाव हात," त्या म्हणाल्या. गौतमी परत आली.

आणखी एक नियम त्या घरात आधीपासून होता. वंदनेला बसताना चप्पल काढायची. हे दोन नियम एकाच कोपऱ्यात एकत्र येतात, हे कोणाच्याच लक्षात आले नाही.

बुद्धपौर्णिमेची सकाळ होती. घर नुकतेच पुसलेले होते, फरशी ओलसर होती. वंदना झाली. मीराबाईंचे गुडघे दुखत असत, म्हणून उठताना त्यांनी आधारासाठी हात पुढे केला. तो कूलरवर पडला.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांची बोटे कूलरच्या कडेवर घट्ट आवळली गेली आणि सुटेनात. नीलिमा त्यांना ओढायला धावल्या. "हात लावू नको, आई!" म्हणत गौतमी उलट दिशेला, बोर्डाकडे पळाली. काय झाले आहे ते घरात फक्त तिलाच ठाऊक होते. तिने बटण बंद केले आणि मला उपसून काढले. मीराबाई खाली कोसळल्या.

मी जमिनीवर पडले होते. त्यांना उचलून नेताना सगळ्यांची पावले माझ्यावरून गेली.

तीन दिवसांनी त्या रेल्वेच्या दवाखान्यातून घरी आल्या. उजव्या हाताला बँडेज होते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले होते.

त्याच संध्याकाळी राजरत्न यांनी वसाहतीतल्या पंडितकाकांना बोलावले. ते रेल्वेत वायरमन होते, वर्ध्याकडचे. पिन काढलेलीच होती, तरी त्यांनी मेन स्विच बंद केला आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवला. मग मला कूलरखालून बाहेर ओढले.

"राजरत्न, हे पाहा." त्यांनी काळवंडलेली पट्टी नखाने सोलली. "वायरीला काय खरूज झाली होती? कोणी लावली ही?"

राजरत्न यांनी पट्टी ओळखली. त्यांचा आवाज चढला. "आई, ही तुझी पट्टी आहे. तू लावली का?"

मीराबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी गौतमीकडे पाहिले. गौतमी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"हो," मीराबाई म्हणाल्या. "मीच लावली थे. उंदरानं कुरतडली होती."

ज्या बाईने रोज सकाळी त्या पोरीकडून 'खोटे बोलणार नाही' हे शील म्हणून घेतले, ती तिच्यासाठी खोटे बोलली होती. आता गौतमी गप्प राहिली असती, तर कोणाला कधीच कळले नसते. मला कळले असते, पण मला कोण विचारणार होते?

"आजी खोटं बोलते," गौतमी म्हणाली. "मी लावली. कूलर मीच सरकवला होता. मला वाटलं, झाकलं की झालं."

राजरत्न तिच्याकडे वळले. ते रागावतील असे सगळ्यांना वाटले. पण त्यांची नजर माझ्या दुसऱ्या टोकाकडे, त्या दोन पायांच्या पिनेकडे गेली.

"हिरवी मी कापली होती," ते म्हणाले.

पंडितकाकांनी दोघांकडे पाहिले. "ती जागेवर असती तर फ्यूज उडाला असता आणि गोष्ट तिथंच मिटली असती. बसा दोघंही खाली. आज तुमच्याच हातानं करून घेतो."

खिडकीतून अजून ऊन येत होते. त्यांनी मला कोरड्या फडक्याने पुसून गौतमीच्या हातात दिले. इंच इंच सरकवायचे, प्रत्येक ठिकाणी थोडे वाकवायचे आणि पाहायचे. वाकवले की लपलेली चीर तोंड उघडते. जिथे तांबे उघडे पडले होते आणि पाण्याने हिरवट झाले होते, तो हातभर तुकडा काकांनी कापून टाकला.

"यालाच नवी पट्टी लावली तर?" राजरत्न यांनी विचारले.

"पाण्याजवळ जोड ठेवायचा नसतो. वायर आखूड झालेली चालते."

मधोमध, दाराच्या कोपऱ्याला घासून, आणखी एक जखम सापडली. तिथे फक्त वरची साल खरवडली होती, आतले तिन्ही रंग शाबूत होते. ती गौतमीने बुजवली. आधी कापलेल्या टोकाकडून एक रबरी नळी माझ्यावर चढवून बाजूला सरकवून ठेवली. जखम पुसून पूर्ण वाळू दिली. मग जखमेच्या दोन बोटे अलीकडून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळायला घेतली. टेप ताणून धरायची आणि प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्या वेढ्यावर बसवायचा. दोन बोटे पलीकडे जाऊन थांबायचे. शेवटचा वेढा मात्र न ताणता, नाहीतर तो हळूहळू उलगडतो. वर ती नळी सरकवून गरम केली, तशी ती आवळून बसली.

राजरत्न यांनी नवे सॉकेट आणि तीन पायांची पिन आणली. काकांनी खिशातला फ्यूज परत बसवला आणि भिंतीतली हिरवी तार खरोखर जमिनीपर्यंत जाते का, ते दिवा जोडून तपासले. मग माझे कापलेले टोक कूलरला पुन्हा जोडले आणि हिरवी तार जागेवर आली.

कूलर सुरू झाला. काकांनी त्याला चारही बाजूंनी टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लागला नाही. नीलिमा सवयीने म्हणाल्या, "चप्पल घालूनच हात लावा हं."

"वहिनी," काका म्हणाले, "ज्या दिवशी चप्पल लागेल, त्या दिवशी मला बोलवा."

मी हातभर आखूड झाल्यामुळे कूलर जुन्या जागी पोहोचेना. तो दुसऱ्या खिडकीशी गेला. बुद्धमूर्तीच्या शेजारची जागा मोकळी झाली आणि तिथे राजरत्न यांनी मीराबाईंना उठताना धरण्यासाठी एक लाकडी खुर्ची ठेवली.

या गोष्टीला चार वर्षे झाली. दर एप्रिलला कूलर सुरू करण्याआधी गौतमी मला उन्हात नेते आणि इंच इंच तपासते. दुसरे टोक मीराबाई धरतात. दोन बोटांना माझा स्पर्श कळत नाही, म्हणून त्या मला उरलेल्या तीन बोटांत धरतात. माझा तो कापलेला तुकडा गौतमीने टाकलेला नाही. तो तिच्या कंपासपेटीत आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्या बहिणी असतील, कपाटामागे, फ्रिजखाली, इस्त्रीच्या दांड्याशी. त्यांची साल फाटलेली दिसली तर हात लावू नका आणि झाकूनही ठेवू नका. तुमच्या हातूनच ती फाटली असेल, तर त्याच दिवशी घरातल्या मोठ्यांना सांगा. ते कामात असतील, "चप्पल घाल" म्हणतील. तरी पुन्हा सांगा. लोखंडाला हात लावल्यावर ज्या झिणझिण्या येतात, ती आमची हाक असते. आम्हाला दुसरा आवाज नाही.