डाव्या कडेची बोटं

मित्रांनो, मी एक जुनं कार्ड आहे. जाड पुठ्ठ्याचं, तळहातात मावणारं. माझ्यावर एमिल हावरान नावाच्या बेसबॉलपटूचं चित्र आहे. डावखुरा गडी, चेंडू फेकायला हात उंचावलेला. लोक मला दुर्मीळ म्हणतात. दुर्मीळ म्हणजे काय, ते मला विचारा. आपली भावंडं मेली की आपण दुर्मीळ होतो.

ओहायोतल्या टोलेडो शहरात १९५४ साली एका पाववाल्या कंपनीनं मला छापून घेतलं. पावाच्या प्रत्येक पुड्यात गावच्या संघातला एक खेळाडू निघायचा. आम्हाला सुटंसुटं छापत नाहीत बरं का. एका मोठ्या तावावर सगळे शेजारी शेजारी छापतात आणि मग कापतात. त्या तावावर एमिल दोनदा होता. एक मी, आणि माझ्या डावीकडे माझं जुळं. कापताना यंत्र जरासं सरकलं आणि जुळ्याच्या चित्रातली चेंडू धरलेली बोटं माझ्या डाव्या कडेला आली. त्याचा हात बिचारा थोटा राहिला.

दोनच आठवड्यांत संघानं एमिलला दुसऱ्या गावच्या संघाला देऊन टाकलं. गेलेल्या माणसाचं चित्र पावात कशाला, म्हणून कंपनीनं आमची छपाई बंद केली. बाकीचे खेळाडू हजारोंनी निघाले, आम्ही मूठभर. त्यातलेही कित्येक, पोरांनी आवाजासाठी सायकलच्या चाकात अडकवल्यानं, फडफडून फाटले, कित्येक आयांनी पलंगाखालचा केर काढताना फेकून दिले. पुढे जाणकारांनी शोध शोध शोधलं, तेव्हा दोनच उरलेले सापडले.

मी अशी कार्डं गोळा करणाऱ्या लॉईड टिडवेलकडे होतो. तीस वर्षं त्यानं मला जपलं. हात धुतल्याशिवाय मला उचललं नाही, की ऊन लागू दिलं नाही. त्याची बायको रूथ म्हणायची, "माझ्यापेक्षा तू त्या एमिललाच जास्त जपतोस. त्याच्याशीच लग्न करायचं होतंस."

"त्याला स्वयंपाक येत नाही ना," लॉईड म्हणायचा, आणि दोघं हसायची. तेव्हा ते घर बरं होतं.

मग कळलं की दुसरं कार्ड एमिलच्या मुलीकडे, डोरिसकडे आहे. एका रविवारी लॉईड आणि रूथ मला घेऊन तिच्याकडे गेले. डोरिसनं कॉफी ओतली, अक्रोडाचा गुंडाळलेला केक कापला आणि बापाच्या जुन्या पाकिटातून माझं जुळं काढलं. मधोमध चुणी पडलेलं, कोपरे झिजलेले, रंग विटलेला. तिनं आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं. माझ्या कडेची बोटं त्याच्या थोट्या हाताला अचूक जुळली.

डोरिसचे डोळे भरून आले. "बाबा म्हणायचे, माझी बोटं त्या पाववाल्यानं खाल्ली! मरेपर्यंत हाच विनोद. ही बघा, इथं होती की हो!"

"दोघांना एकत्र ठेवायला हवं," लॉईड म्हणाला. "एकाच चौकटीत. मी शब्द देतो तुम्हाला."

"पैसे नकोत मला," डोरिस म्हणाली. "फक्त यांना पुन्हा वेगळं करू नका."

मित्रांनो, पन्नास वर्षांनी मी माझ्या जुळ्याला भेटलो होतो. ती भेट मोटारीतल्या परतीच्या वाटेपुरतीच ठरली.

घरी येताच लॉईडनं गॅस पेटवला आणि माझ्या देखत माझं जुळं ज्योतीवर धरलं. जुना पुठ्ठा, चटकन जळला. वासानं रूथ धावत आली.

"काय जाळलंस?"

"चुरगळलेलंच होतं गं. आता जगात एकच उरलं. एकमेव!"

रूथनं शेगडीवरची राख पुसली, आणि त्या दिवसापासून त्या घरातलं हसणं आटलं.

ती बोटं मात्र माझ्या कडेला होती. आता त्यांना हात नव्हता. कुणी मला बघायला आलं की हमखास विचारायचं, "ही बोटं कुणाची?" लॉईड कडेवर अंगठा ठेवायला लागला. पुढे पुढे तो एकटा असतानाही मला अंगठा ठेवूनच बघायचा. मला वाटायचं, ती बोटं चाचपडताहेत. त्यालाही तसंच वाटत असावं, कारण एका सकाळी त्यानं पोलादी पट्टी लावली, धारदार पातं घेतलं आणि ती कड छाटून टाकली.

तीस वर्षं कार्डं गोळा करणाऱ्या माणसानं हे करावं? कार्ड मळलं तरी चालतं, चुरगळलं तरी चालतं, पण पात्यानं कापलं की ते मेलंच. लॉईडनं मला दर्जा ठरवून घ्यायला पाठवलं, तर पारखणाऱ्यांनी मला परत धाडलं, सोबत एकच ओळ: 'कड कापलेली. दर्जा देता येत नाही.' माझं चुरगळलेलं जुळं जगलं असतं, तर आज तेच अस्सल ठरलं असतं. लॉईड ती ओळ कितीतरी वेळ वाचत बसला.

रूथनं कचऱ्यातून ती छाटलेली बोटांची पट्टी उचलून सुयांच्या डबीत ठेवली होती. ती मला आणि पट्टीला घेऊन डोरिसकडे गेली आणि तिनं सगळं खरं सांगितलं. डोरिस रागावली नाही, रडलीही नाही. तिनं मला बापाच्या पाकिटात, जुळ्याच्या जागी, सरकवलं. पट्टी मात्र टेबलावर ठेवली आणि पट्टीच्या डाव्या बाजूला, जळालेल्या जुळ्यासाठी, कार्डाएवढी जागा मोकळी सोडली.

मित्रांनो, वस्तू जपा, पण तिच्या शेजाऱ्याला मारून जपू नका. त्या पाकिटाच्या चामड्याला अजून जुळ्याचाच आकार आहे. मी आता थोडा अरुंद झालोय, त्यामुळे त्यात हलतो. माझ्या डावीकडे जी फट राहते, ती बरोबर त्या छाटलेल्या बोटांएवढी आहे.